दरीत अडकलेला पायलट आणि हेलिकॉप्टरचं बिल

“काही झालं तर हेलिकॉप्टर येईल की.” पॅराग्लायडिंग करणाऱ्याच्या घरी हे वाक्य कधी ना कधी बोललं जातंच, बहुतेकदा आईची समजूत घालताना. वाक्य अगदीच खोटं नाही. हिमाचलात अडकलेल्या पायलटला हेलिकॉप्टरने उचलून आणल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण त्या ‘येईल’च्या पोटात बरंच काही दडलेलं आहे: हेलिकॉप्टर कोणाचं, त्याला सांगणार कोण, ते किती उंचीपर्यंत चढणार, किती वाजता निघणार आणि कोणाच्या खर्चाने. खर्चाचं नंतर बघू, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो प्रश्न पुष्कळदा पहिल्या तासातच आडवा येतो.

उदाहरणाला बीर-बिलिंग घेऊ. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातलं हे ठिकाण. (हिंदीत ‘बीड़’ असं लिहितात, त्यामुळे मराठवाड्यातल्या नातेवाइकांना आधी पत्ता समजावून सांगावा लागतो.) बिलिंगचं टेकऑफ साधारण २,४०० मीटरवर, खालचं बीर गाव १,४०० मीटरच्या आसपास. २०१५ साली इथे पॅराग्लायडिंग वर्ल्ड कप झाला. कामशेतला शिकलेले, पाचगणीत थोडे तास जमवलेले पुण्या-मुंबईचे पायलट हिमालयात पहिल्यांदा उडतात ते बहुधा इथेच. टेकऑफच्या रांगेवरून पूर्व-पश्चिम उडत राहिलं तर खाली गावं, शेतं, रस्ते असतात. पण थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, जोरात मिळालं की ग्लायडर चार हजार मीटरच्या वर जातो आणि पाठीमागच्या रांगा खुणावू लागतात. याला पायलट ‘मागे जाणं’ म्हणतात. मागे म्हणजे धौलाधार पर्वतरांगेच्या कण्याकडे, बडा भंगालच्या दुर्गम खोऱ्याच्या अंगाला. तिथे रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही आणि उतरायला सपाट जागाही क्वचितच.

सह्याद्रीत चुकून दरीत उतरलात तर संध्याकाळपर्यंत एखाद्या वाडीवर पोचता, कोणीतरी चहाचं विचारतं. तीच चूक धौलाधारच्या मागे केली तर पायी बाहेर पडायला दोन-तीन दिवस लागू शकतात, तेही पाय धड असतील तर. रिझर्व्ह पॅराशूट उघडून उतरलेला माणूस साधारण सेकंदाला पाच-साडेपाच मीटर वेगाने जमिनीवर येतो. म्हणजे दीड मीटर उंच कट्ट्यावरून उडी मारल्याइतकं. मैदानात घोटा मुरगळून भागतं. तेच दगडांच्या उतारावर झालं तर घोटा मोडतो किंवा कमरेचा मणका दबतो. मग चालत बाहेर पडायचा विषयच संपतो.

हेलिकॉप्टरला काय जमतं, काय नाही

हेलिकॉप्टर कुठेही थांबू शकतं, ही कल्पना सिनेमाने दिलेली आहे. खरं तर एका जागी तरंगत राहणं हे त्याचं सगळ्यात जड काम. पुढे उडताना पंख्याला ताजी हवा मिळत राहते, त्यामुळे शक्ती कमी लागते. जागेवर थांबलं की सगळा भार इंजिनावर येतो. सपाट जमिनीजवळ थोडी मदत होते, कारण खाली ढकललेली हवा जमिनीला अडते आणि हेलिकॉप्टरला आधार देते. तीव्र उतारावर किंवा कड्यालगत हा आधार मिळत नाही.

त्यात उंची. ४,५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के असते, ऊन तापलं की त्याहून कमी. पंख्याला धरायला हवाच कमी आणि इंजिनालाही श्वास कमी. त्यामुळे गावात पाच-सहा माणसं सहज उचलणारं हेलिकॉप्टर तिथे वैमानिक, एक मदतनीस आणि जेमतेम एक रुग्ण एवढ्यावर येतं. म्हणून वैमानिक जादा इंधन उतरवतो, नको ती सीट काढतो, आणि दोन पायलट अडकले असतील तर दोन फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीचा मीटर वेगळा फिरतो, हे आत्ताच लक्षात ठेवलेलं बरं.

जागा मिळाली तर उतरायचं, ही पहिली पसंती. नाही मिळाली तर एक स्किड (हेलिकॉप्टरखालची आडवी दांडी) दगडाला टेकवून अर्धवट तरंगत माणूस आत घ्यायचा. तेही शक्य नसेल तर विंच, म्हणजे यंत्राने गुंडाळला जाणारा दोर. आणि शेवटचा पर्याय लाँगलाइन: हेलिकॉप्टरखाली ठरावीक लांबीचा दोर, त्याच्या टोकाला बचाव करणारा माणूस, आणि अडकलेल्याला त्याच्याच शेजारी अडकवून तसंच लटकवत खाली आणायचं. आल्प्समध्ये ही पद्धत मुरलेली आहे. २०१० साली नेपाळमध्ये अन्नपूर्णावर स्विस चमूने सुमारे ७,००० मीटरवरून गिर्यारोहकांना याच रीतीने उतरवलं होतं. भारतात विंच असते ती मुख्यतः लष्कराच्या, हवाई दलाच्या आणि तटरक्षक दलाच्या मोठ्या हेलिकॉप्टरांवर. भाड्याने मिळणाऱ्या खासगी हेलिकॉप्टरवर ती असेल असं धरून चालू नये.

विंच असली तरी काम सोपं होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडात देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेच्या अपघातात हवाई दलाने अनेकांना पाळण्यांतून वर खेचून वाचवलं, पण त्याच मोहिमेत वर घेताना दोघे खाली पडून मरण पावले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केरळात मलमपुळ्याजवळ कड्याच्या कपारीत अडकलेल्या तरुणापर्यंत तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर पोचूच शकलं नाही. शेवटी लष्कराच्या जवानांनी दोराने उतरून त्याला कड्यावर चढवलं. तो डोंगर हिमालयाच्या मानाने टेकडीच म्हणायचा. उंची कमी असली तरी कडा, वारा आणि दगडाची ठेवण आडवी येते, आणि हे तिन्ही आपल्या सह्याद्रीत भरपूर आहे. सह्याद्रीत आजही माणूस खाली आणतात ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, स्ट्रेचर आणि दोर घेऊन, आणि त्याचं बिल लावत नाहीत.

आता वेळेचं गणित. पायलट पडतो तो बहुतेक दुपारी, कारण थर्मल दुपारी जोरात असतं आणि चुका तेव्हाच महाग पडतात. नेमक्या त्याच वेळी हेलिकॉप्टरलाही तीच खवळलेली हवा, तेच वाढलेले ढग आणि तीच तापलेली, पातळ हवा मिळते. बातमी पोचायला, परवानगी मिळायला दोन-तीन तास जातात, तोवर उजेड संपत आलेला असतो. डोंगरातलं हेलिकॉप्टर पहाटे निघतं, हवा थंड आणि शांत असताना. म्हणून दुपारी तीनला पडलेल्याने रात्र तिथेच काढायची तयारी ठेवावी. ज्याच्याकडे रात्र काढायचं सामान नाही त्याच्या विम्याची रक्कम किती होती, याला सकाळी फारसा अर्थ उरत नाही.

बोलावणार कोण

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून जिल्ह्याच्या पातळीवर ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याकडे आहे. हिमाचलात त्यांना डेप्युटी कमिशनर म्हणतात. ११२ ला फोन लागतोच, पण जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि राज्याच्या कक्षाचा १०७० हे क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून लावायचा असेल तर १०७७ च्या आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लागतो. पुण्यात बसून नुसता १०७७ फिरवला तर पुण्याचाच कक्ष उचलतो. घाबरलेल्या घरच्यांचा इथेच अर्धा तास जातो.

दुसरी अडचण हद्दीची. बिलिंगहून उडालेला पायलट तासाभरात मंडी जिल्ह्यात असू शकतो, आणखी थोड्या वेळात कुल्लूत, आणि कणा ओलांडला तर चंबाकडे. टेकऑफ कांगड्यात झालं म्हणून कांगड्याला कळवलं, पण माणूस पडला मंडीत, असं झालं की फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. म्हणून फोनवर पहिलं वाक्य जागेचं असावं आणि जवळचा जिल्हा कोणता तेही सांगावं. शंका असेल तर दोन्हीकडे कळवावं.

डेप्युटी कमिशनरकडून मागणी राज्याकडे जाते, तिथून पर्याय तीन. हवाई दल किंवा लष्कराचं हेलिकॉप्टर. राज्य सरकारने भाड्याने घेतलेलं हेलिकॉप्टर, जे एरवी मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यांना आणि हिवाळ्यात लाहौल-स्पितीच्या लोकांसाठी वापरतात. किंवा खासगी कंपनीचं. पहिलं सगळ्यात समर्थ, पण त्याची आधीची कामं ठरलेली असतात आणि कधी कधी ते असतंच असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरच्या अपघातानंतर देशातली ध्रुव हेलिकॉप्टरं काही महिने जमिनीवरच होती. जमिनीवरची वाट तेवढ्यात सुरूच ठेवावी लागते: स्थानिक पायलट, गद्दी मेंढपाळ, पोलिसांचं पथक. चालत निघालेल्यांनाच पायलट आधी सापडला, असं पुष्कळदा होतं.

आता बिल

सरकारी हेलिकॉप्टर ‘फुकट’ असतं, ही अर्धी गोष्ट. सैन्यदलं नागरी प्रशासनाच्या मदतीला जातात तेव्हा खर्चाचा हिशोब ठेवला जातो आणि तो राज्याकडे मागितलाही जातो. २०२४ च्या डिसेंबरात, वायनाडच्या दरडीनंतर काही महिन्यांतच, केंद्राने केरळकडे २००६ पासूनच्या हवाई मदतीपोटी सुमारे १३२ कोटी रुपये मागितले, तेव्हा हा पडद्यामागचा व्यवहार सगळ्यांना दिसला. एकट्या अडकलेल्या भारतीय नागरिकाकडून हे पैसे वसूल करण्याची सरसकट पद्धत नाही. पण बिल न येणं आणि हक्क असणं यांत फरक आहे. पूर आला असेल, यात्रेत अपघात झाला असेल, तर मौजेसाठी उडून अडकलेला, पण न दुखावलेला पायलट रांगेत मागेच राहणार, आणि तसं होणं वाजवीच आहे.

परदेशी पायलटचं चित्र निराळं. त्याच्या बाबतीत खर्चाची हमी कोण देतं हे आधी पाहिलं जातं: विमा कंपनी, वकिलात किंवा कुटुंब. ही हमी लेखी लागते, ईमेल चालतो, ‘देऊ की’ चालत नाही. जर्मनीत रविवारची पहाट असते, विमा कंपनीचा फोन उचलणारा माणूस पॉलिसी नंबर मागतो आणि तो नंबर पायलटच्या पाठपिशवीत दरीत पडलेला असतो. आपला माणूस नेपाळमध्ये, पोखऱ्याला उडायला गेला की तोही असाच परदेशी असतो, हे विसरू नये.

खासगी हेलिकॉप्टरचा मीटर तळावरून निघाल्यापासून तळावर परतेपर्यंत चालतो. हिशोबापुरता ताशी दीड लाख दर धरा. तळापासून बीरपर्यंत एक तास, शोधायला दीड तास, उचलायला अर्धा, रुग्णालयापर्यंत अर्धा, परत जायला एक. साडेचार तास झाले, पावणेसात लाख रुपये, वर जीएसटी. यात प्रत्यक्ष सुटका किती? अर्धा तास. शोध मात्र दीड तास, म्हणजे सव्वादोन लाख. जागा नेमकी माहीत असती तर हे सव्वादोन लाख उरले असते आणि माणूस दीड तास आधी रुग्णालयात असता. दर काहीही असो, प्रमाण साधारण असंच राहतं. बिल फुगतं ते शोधात.

नेपाळात सगळा कारभार खासगी हेलिकॉप्टरांचा, आणि तिथे उलटं दुखणं आहे. २०१८ साली तिथल्या सरकारच्या चौकशीत उघड झालं की ट्रेकिंग कंपन्या, हेलिकॉप्टर कंपन्या आणि काही रुग्णालयं मिळून किरकोळ आजाऱ्यांना हेलिकॉप्टरने उतरवत होती, आणि एकाच फेरीत आणलेल्या चौघांच्या विम्याला चार स्वतंत्र फेऱ्यांची बिलं लावत होती. आंतरराष्ट्रीय विमा कंपन्यांनी नेपाळचं संरक्षणच बंद करण्याचा इशारा दिला. आता तिथून आलेला प्रत्येक दावा कंपन्या संशयाने तपासतात, आणि खरोखर कंबर मोडलेल्या पायलटलाही सगळे कागद दाखवावे लागतात.

पाकिस्तानातल्या काराकोरममध्ये लष्कराशी जोडलेली अस्कारी एव्हिएशन ही संस्था हेलिकॉप्टर पुरवते. तिथे आधी अनामत किंवा हमी, मग उड्डाण. आणि सुरक्षिततेसाठी हेलिकॉप्टरं जोडीने जातात, म्हणजे खर्च दोन्ही हेलिकॉप्टरांचा.

युरोपात एकाच आल्प्सच्या पर्वतरांगेत हद्द बदलली की हिशोब बदलतो. फ्रान्समध्ये शामोनीच्या डोंगरात जांदार्मरी या पोलिस दलाचं पर्वतीय बचाव पथक, पीजीएचएम, येतं आणि सरकारी सुटकेचं बिल लावत नाही. स्की रिसॉर्टच्या उतारांवरचा हिशोब तेवढा वेगळा. स्वित्झर्लंडमध्ये बिल लागतं, पण १९५२ पासून चालणारी रेगा ही संस्था तिच्या लाखो आश्रयदात्यांच्या वर्गणीवर उभी आहे. एका माणसाची वर्षाची वर्गणी सुमारे ४० फ्रँक. ही वर्गणी विमा नाही, हे रेगा स्वतःच स्पष्ट सांगते: जो खर्च विमा कंपनी देत नाही तो संस्था आपल्या मर्जीने माफ करू शकते. व्हाले प्रांतात एअर झरमॅटसारख्या निराळ्या कंपन्या उडतात, त्यांची सदस्यता निराळी. स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना आठवड्याला किमान आठ तासांची नोकरी असेल तर कामाबाहेरच्या अपघाताचाही सक्तीचा विमा असतो, आणि त्यात देशातल्या सुटकेचा खर्च धरलेला असतो. पाहुणे म्हणून आलेल्या भावाला मात्र तो लागू नाही. ऑस्ट्रियात खेळताना डोंगरात झालेल्या अपघातात हेलिकॉप्टरचं बिल बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून किंवा खासगी विम्यातून जातं. इटलीच्या काही प्रांतांत जखमीला थोडे पैसे पडतात आणि काहीही न झालेल्याला जास्त. वर वर विचित्र वाटतं, पण त्यामागचा हेतू सरळ आहे: दमलो म्हणून हेलिकॉप्टर बोलावणाऱ्याने जरा विचार करावा.

पॉलिसीतले चार शब्द

शोध, सुटका, रुग्णवाहतूक, मायदेशी परत आणणं. या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि पॉलिसी त्या वेगवेगळ्याच मोजते. बहुतेक भारतीय आरोग्य विम्यांतली ‘एअर ॲम्ब्युलन्स’ म्हणजे तिसरी गोष्ट: आजारी माणसाला रुग्णालयात नेणं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि ठरावीक मर्यादेत. कड्यावरून उचलणं तिच्यात येत नाही, आणि पायलट कुठे आहे हेच माहीत नसताना घातलेल्या घिरट्या तर नाहीतच. काही आंतरराष्ट्रीय सेवा सुटका करतात पण शोध करत नाहीत. खर्चाचा मोठा भाग शोधात जातो हे वर पाहिलंच.

भारतीय आरोग्य विम्यात ‘एक्सक्ल ०९’ या क्रमांकाचं एक प्रमाणित कलम असतं. धोकादायक किंवा साहसी खेळांत ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्याने लागणारे उपचार त्यात वगळले आहेत. महत्त्वाचे शब्द ‘व्यावसायिक म्हणून’. हौशी सोलो पायलटचा दावा या कलमावर फेटाळला तर भांडायला जागा आहे. पैसे घेऊन पर्यटक उडवणाऱ्या टँडम पायलटला तशी जागा नाही. प्रवास विमा आणि अपघात विमा यांची भाषा मात्र कंपनीगणिक बदलते, आणि तिथे पॅराग्लायडिंग सरळ वगळलेलं सर्रास दिसतं. ‘ॲडव्हेंचर स्पोर्ट्स’ची जोडणी घेतली तरी आत वाचावं: प्रशिक्षकाबरोबरचं टँडम तेवढंच धरलंय का? एकट्याने उडलेलं चालतं का? उंचीची मर्यादा आहे का, आणि असेल तर ती टेकऑफची की हवेतल्या उंचीची? ४,००० मीटरची मर्यादा आणि उड्डाणाच्या जीपीएस ट्रॅकलॉगमधली ४,३०० मीटरची नोंद ही जोडी दावा बुडवायला पुरते. स्पर्धा वगळल्या आहेत का? आणि पूर्वपरवानगी: अनेक सेवा ‘आधी आम्हाला फोन, मग आम्हीच हेलिकॉप्टर ठरवू’ या अटीवर चालतात. मित्रांनी घाईत परस्पर हेलिकॉप्टर ठरवलं तर ते बिल मित्रांचं होतं.

सांगणार कसं

युरोपातला पायलट खिशात गार्मिन इनरीचसारखा उपग्रह संदेशक ठेवतो. बटण दाबलं की जागा आणि मजकूर दोन्ही जातात. भारतात मात्र थुराया आणि इरिडियमवर चालणारी अशी साधनं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला इनरीच बाळगल्याबद्दल ताब्यात घेतलं गेलं आणि दंड भरावा लागला. डोंगरात सगळ्यात उपयोगी पडणारं यंत्र डोंगरात पोचण्याआधीच अडचणीत टाकतं. सुरक्षेची कारणं असतील, पण जिथे रेंज नाही तिथे उडायला परवानगी आणि तिथून हाक मारायला बंदी, हे काही पटत नाही. आणखी एक: परवानगी असलेल्या यंत्राचंही एसओएस केंद्र फक्त निरोप पोचवतं. बिल भरत नाही. त्यासाठी वेगळी वर्गणी लागते.

४०६ मेगाहर्ट्‌झचा पर्सनल लोकेटर बीकन ही वेगळी जात. त्याचा इशारा उपग्रहांमार्फत कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेत जातो. भारत तिचा सदस्य आहे आणि आपलं नियंत्रण केंद्र बेंगळुरूला आहे. त्यात संभाषण होत नाही, फक्त ओळख क्रमांक आणि जागा जाते. ओळख क्रमांकात देशाचा संकेत असतो. परदेशातून आणलेला आणि नोंदणी न केलेला बीकन वाजला, तर चौकशी आधी त्या देशाकडे जाते आणि तिथे कोणाला काही माहीत नसतं.

बाकी राहिला मोबाइल. उंचावर उडताना रेंज मिळते, दरीत जाते. त्यामुळे लाइव्ह ट्रॅकिंग टेकऑफपासून सुरू असावं. शेवटचा मिळालेला ठिपका आणि उडण्याची दिशा एवढ्यावरही शोधाचा घेर खूप आवळता येतो.

जागा सांगताना एक चूक हमखास होते. ३२.१० अंश म्हणजे ३२ अंश ६ मिनिटं. ऐकणाऱ्याने ते ‘३२ अंश १० मिनिटं’ असं लिहून घेतलं तर चार मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर. धौलाधारमध्ये एवढ्यात डोंगराची बाजूच बदलते. म्हणून ‘बत्तीस दशांश एक शून्य’ असं फोड करून सांगावं, समोरच्याकडून परत वाचून घ्यावं, समुद्रसपाटीपासूनची उंची जोडावी आणि तेच एसएमएसनेही पाठवावं. डेटा चालत नसेल तरी एसएमएस जातो.

खाली पोचल्यावर

जखम तपासून झाली की पहिलं काम ग्लायडर गोळा करणं. पंचवीस चौरस मीटरचं हलकं कापड हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने उडालं तर पंख्यात जातं, किंवा तुम्हाला हार्नेससकट कड्याकडे ओढतं. गुंडाळून पिशवीत भरावं, ते जमत नसेल तर वर दगड ठेवावेत. मात्र हेलिकॉप्टर दिसेपर्यंत रंगीत कापड ही तुमची सगळ्यात मोठी खूण असते. त्यामुळे ते पसरून, कडांवर जड दगड ठेवून थांबावं आणि हेलिकॉप्टरने तुम्हाला पाहिलं की लगेच आवरावं. पाठ दुखत असेल, पायांना मुंग्या येत असतील, तर हे काही करू नये. कॅराबिनर सोडवून ग्लायडरपासून सुटं व्हावं आणि आडवं राहावं.

दोन्ही हात वर, इंग्रजी वायसारखे: मदत हवी. एक हात वर आणि दुसरा खाली: नको. हात हलवून ‘हॅलो’ करू नये, त्याचा अर्थ काहीही लागतो. हेलिकॉप्टर जवळ आलं की वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसावं आणि बोलावल्याशिवाय हलू नये. जायचं ते समोरून, वैमानिकाला दिसेल असं. उतारावर तर कधीही वरच्या बाजूने नाही, कारण त्या बाजूला फिरता पंखा डोक्याच्या उंचीवर असतो. विंचचा दोर आला तर आधी जमिनीला टेकू द्यावा, त्यात स्थिर वीज साठलेली असते.

झाडात अडकलेल्याने आधी पट्टीने स्वतःला मुख्य खोडाला बांधावं, मग बाकीचा विचार. देवदाराची फांदी पाऊण तास धरते आणि नंतर मोडते. दात साफ करायच्या फ्लॉसची डबी कॉकपिटमध्ये, म्हणजे पायलटच्या पुढ्यातल्या उपकरणांच्या पिशवीत, असेल तर दोरा खाली सोडता येतो. खालचा माणूस त्याला जाड दोर बांधतो आणि तो वर ओढून घ्यायचा. पाच-पन्नास रुपयांचा हा दोरा लाखाची फेरी वाचवतो. पण हेलिकॉप्टरच आलं, तर विंचचा हुक हार्नेसला लावण्याआधी तुमचा ग्लायडरशी आणि झाडाशी असलेला प्रत्येक जोड सुटलेला हवा. फांदीत गुंतलेल्या ग्लायडरला तुम्ही अडकलेले आणि तुम्हाला हेलिकॉप्टर, म्हणजे हेलिकॉप्टर झाडाला बांधलं गेलं. हे काम बचाव करणारा माणूस करतो. आपण घाईने हुक लावू नये.

रात्र काढायची झाली तर हार्नेसचं जाड फोम किंवा एअरबॅग खाली घ्यावी, थंडी जमिनीतून जास्त येते. ग्लायडर अंगाभोवती गुंडाळला तर ऊब देत नाही, पण वारा अडवतो. डाऊन जॅकेट, दोन लिटर पाणी, शिट्टी, डोक्याला लावायची विजेरी, चार्ज असलेली पॉवर बँक. हे सगळं मिळून तीन किलोच्या आत बसतं.

स्वतःच उतरून आलात, कोणाची गाडी मिळाली, मेंढपाळाने वाट दाखवली, तर सगळ्यांना लगेच कळवावं, विशेषतः १०७७ ला. तुमचं रिझर्व्ह उघडलेलं कोणीतरी दुसऱ्याने हवेतून पाहिलेलं असतं आणि त्याने चांगल्या मनाने फोन केलेला असतो. आणि ग्लायडर वर झाडातच सोडून यावं लागलं असेल, तर त्याचा रंग आणि जागा पोलिसांना, साडाच्या (विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या) कार्यालयात आणि टेकऑफवरच्या मंडळींना देऊन ठेवावी. नाहीतर चार दिवसांनी दुसऱ्या पायलटला वरून देवदारात लाल-पांढरं कापड दिसतं आणि नियंत्रण कक्षाचा फोन पुन्हा वाजतो.